सरांचे उपकार, स्केलरची टिप आणि चार्टवरचं अक्षर

पत्र

ताई, दोन वर्षांचा डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा करून मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात लागले. राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे. काम आवडतं, हात हलका आहे असं पेशंट म्हणतात. पण संध्याकाळी गर्दी झाली की स्केलरच्या, म्हणजे कीटण काढायच्या यंत्राच्या, टिपा पुरत नाहीत. ‘स्पिरिटने पूस आणि पुढचा घे’ असं सर सांगतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करायचं मशीन) रात्री एकदाच लागतो. एक एचआयव्हीचा पेशंट आहे, त्याला सगळ्यांच्या शेवटी घेतात आणि त्याचं सामान मात्र दोनदा लावायला सांगतात. रिसेप्शनवरची मुलगी ‘तो शेवटचा आला का’ असं सगळ्यांसमोर विचारते.

दिवाळीपासून सरांनी नवीन काढलंय. ‘डीप क्लीनिंग’चा, म्हणजे हिरडीखाली खोल सफाईचा, एक पेशंट झाला की मला दोनशे रुपये. दोघांच्या चार्टवर मी हिरडीच्या खोलीच्या मापात 3 चे 5 लिहिले. सरांनी सांगितलं म्हणून लिहिले, पण लिहिले मीच. आता म्हणतात, भुलीचं इंजेक्शनही शिकून घे, सोपं असतं.

मागच्या आठवड्यात अंबडच्या एका बाईंनी चेअरवर बसताना विचारलं, ‘ताई, हे सगळं उकळून घेतलेलं असतं ना?’ मी हो म्हणाले. नव्हतं. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. सोडून जावं तर बाबांच्या अपघाताच्या वेळी हॉस्पिटलचे पैसे सरांनीच भरले होते, अजून निम्मे फेडायचेत. आई म्हणते, खाल्ल्या मिठाला जागावं. काय करू?

– सिडकोतली एक वाचक

उत्तर

इंजेक्शनचं आधी उरकून टाकते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. नाही म्हणायचं. 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्या एका वाक्यात बसते: दातांवरचं कीटण काढणं, दात साफ करणं, पॉलिश करणं आणि तोंडाची निगा कशी राखायची ते शिकवणं. त्यात भूल देणं नाही. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं. समोरच्याला हृदयाचा त्रास असला, सुई रक्तवाहिनीत शिरली, माणूस खुर्चीत पांढराफटक पडला, तर पुढची पाच मिनिटं सांभाळायचं शिक्षण तुला कुणी दिलेलं नाही. ‘सोपं असतं’ हे सर खोटं बोलत नाहीत. त्यांना ते सोपंच जातं. चार वर्षं शिकून आणि एक वर्ष इंटर्नशिप करून त्यांचा हात तयार झालाय. आणि पेशंट तुला ‘डॉक्टर’ म्हणतात का ते तू लिहिलेलं नाहीस, पण पांढरा कोट पाहून म्हणत असणारच. तिथल्या तिथे सांग: ‘मी हायजिनिस्ट आहे, डॉक्टर आत आहेत.’ त्यात कमीपणा काही नाही.

आता टिपांबद्दल. इथे मला जरा थांबायचंय.

स्केलरची टिप हिरडीच्या कडेखाली जाते, तिथे रक्त येतंच. स्पिरिटने वरवरचे बरेच जंतू मरतात, पण चिकटून वाळलेल्या रक्ताच्या आत ते पोचत नाही आणि जंतूंच्या बीजाणूंना, म्हणजे त्यांच्या चिवट सुप्त रूपाला, त्याने काही होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. तुमच्याकडे एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत किती वेळ जात असेल, दहा मिनिटं? काही ठिकाणी ‘आम्ही केमिकलमध्ये बुडवतो’ असं अभिमानाने सांगतात. 2 टक्क्यांच्या ग्लुटराल्डिहाइडमध्ये सामान खरोखर निर्जंतुक व्हायला 10 तास लागतात. अर्ध्या तासात काढलं तर बरेच जंतू गेलेले असतात, बीजाणू उरतात. निळ्या दिव्याचं काचेचं कपाट तर निर्जंतुक झालेलं सामान नीट ठेवण्यापुरतं असतं. त्यात ठेवल्याने घाण सामान शुद्ध होत नाही. पेशंटला ते कपाट फार आवडतं, हा भाग वेगळा.

तेव्हा मार्ग ऑटोक्लेव्हचाच. 121 अंशांना 15 पौंड दाबावर पाऊचमधल्या सामानाला 30 मिनिटं द्यावीत. 134 अंशांचं मशीन असेल तर तीन-चार मिनिटांत काम होतं. तापायला आणि वाळायला लागणारा वेळ धरला तरी एक फेरी साधारण तासाभरात आटपते. मग ‘वेळ नाही’ म्हणजे नेमकं काय नाही? संध्याकाळी दहा स्केलिंग होत असतील, तर दहा टिपा आणि वर दोन जास्तीच्या लागतात, झालं. तेवढ्या येईपर्यंत सात वाजता मधली एक फेरी लावता येते. तीही जमली नाही तर हाताने वापरायचे स्केलर दुपारीच पाऊचमध्ये भरून तयार ठेवता येतात. हाताने काम हळू होतं, मनगट दुखतं, पण कीटण निघतं. आणि तेही संपले तर ‘उद्या या’ म्हणता येतं. नाशिकचा माणूस ट्रॅफिकमधून आला म्हणून चिडेल, दोन शब्द बोलेल. बोलू दे.

जुन्या कुकरछाप ऑटोक्लेव्हवर काम करत असशील तर आतली हवा आधी पूर्ण बाहेर जाऊ द्यायची, मगच शिट्टीचा दाब धरायचा. हवा अडकली तर काटा 15 दाखवतो आणि आतलं तापमान 121 ला पोचलेलंच नसतं. पाऊचवरची पट्टी रंग बदलते त्यावरून उष्णता लागली एवढंच कळतं. मशीन खरंच मारतंय का, हे बीजाणूंच्या चाचणीतून कळतं, ती आठवड्याला करावी. तुमच्याकडे ही चाचणी होतच नसणार, म्हणून लिहिते: एक वही कर. तारीख, फेरी, तापमान, वेळ, पट्टीचा रंग, सही. कुणी सांगितलेलं नसताना कर. चेअरच्या पाण्याची नळीही सकाळी दोन मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद नुसती सोडून द्यायची. आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने मोबाइल उचलायचा नाही. हे शेवटचं मी शिकवलेल्या मुलींना सांगून सांगून थकले होते.

तुझ्या सरांना हे सगळं माहीत आहे. कसं, ते तूच लिहिलंयस. एचआयव्हीच्या पेशंटसाठी ते दोनदा ऑटोक्लेव्ह लावतात. म्हणजे स्पिरिटवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नाही. भीती वाटते तिथे नियम पाळतात, वाटत नाही तिथे सोडतात. पण कुणाच्या रक्तात काय आहे ते कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि हिपॅटायटिस बी घेऊन फिरणाऱ्या पुष्कळांना तर त्याचा पत्ताही नसतो. त्या माणसाने आपला आजार तुम्हाला विश्वासाने सांगितला. ज्यांनी सांगितलं नाही, ज्यांना स्वतःलाच ठाऊक नाही, ते पाच वाजता, सहा वाजता तुझ्या चेअरवर बसून गेले. प्रत्येकासाठी सामान नीट निर्जंतुक असेल तर कुणालाही शेवटी बसवायचं कारण उरत नाही. शिवाय 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचारात असा भेदभाव करायला मनाई करतो आणि त्याच्या संमतीशिवाय त्याची स्थिती कुणाला कळू देणंही त्याच कायद्याने बंद आहे. रिसेप्शनवरच्या मुलीने ‘तो शेवटचा’ म्हणून हाक मारली की बाकावरच्या चार जणांनी काय ते ओळखलं. ती मुलगी वाईट नसेल, तिला कुणी सांगितलं नसेल. तू सांग. पुढच्या वेळी त्याला साडेपाचची वेळ दे.

अंबडच्या बाईंचं. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड हेच वाटलं, आणि तुलाही तेच वाटतंय. बाकी ठिकाणी तू सरांनी सांगितलं म्हणून केलंस. इथे एका बाईने सरळ तुला विचारलं आणि उत्तर तुझं होतं. एका स्केलिंगमधून आजार लागण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते, आणि त्यांच्या शरीराचा प्रश्न असल्यामुळे ‘कमी आहे’ म्हणून विषय मिटवायचा अधिकार तुला नाही, मला नाही, सरांनाही नाही. ज्या ज्या पेशंटवर नुसती पुसलेली टिप वापरली गेली त्यांना कळवून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या रक्ततपासण्या आता आणि काही महिन्यांनी पुन्हा करून घ्यायला सांगणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. तो फोन सरांनी करायला हवा, खर्चही त्यांनीच उचलायला हवा. त्यांना हे सांगायचं काम तुझं. ते टाळत राहिले तरी त्या एका बाईंना उत्तर देणं तू लागतेस. काय बोलायचं? ‘ताई, त्या दिवशी मी हो म्हणाले ते चुकीचं होतं. टिप स्पिरिटने पुसलेली होती. एकदा रक्त तपासून घ्या, मी सोबत येते.’ त्या ओरडतील. कदाचित दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर ओरडतील. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

चार्टवर 3 चे 5. निरोगी हिरडीत प्रोब, म्हणजे मापाची बारीक सळई, 1 ते 3 मिलिमीटर आत जातो. 4 आणि पुढे गेलं की पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खाच. म्हणजे तू दोघांच्या निरोगी जागांना आजारी ठरवलंस. यात नुसते पैसे गेले असं समजू नकोस. खोली कमी असलेल्या जागी मुळापर्यंत खरवडलं तर दात आणि हिरडीचा जोड उलट थोडा सुटतो. चांगल्या हिरडीचं नुकसान करून वर बिल लावलं. आणि आणखी एक गंमत बघ, म्हणजे गंमत नाहीच ती: सहा महिन्यांनी तो पेशंट परत येईल, तू खरं माप घेशील, 3 येईल. कागदावर दिसेल की डीप क्लीनिंगने 5 चे 3 झाले. सरांची ट्रीटमेंट यशस्वी! असल्या चार्टांवरून उद्या सर स्वतःच फसतील की आपला हात फार गुणी आहे.

त्या दोन चार्टांचं काय करायचं? खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी दुरुस्ती, आजची तारीख, तुझी सही. पेशंट पुन्हा येईल तेव्हा नीट मोजून नवी नोंद. हे करण्याआधी सरांना सांग, त्यांच्या नकळत फायलींना हात लावू नकोस. आणि ते दोनशे रुपये आजपासून बंद. ‘सर, मोजमाप माझ्या हातात आहे तोवर त्यावर मला पैसे नकोत.’ पगार वाढवून मागायचा असेल तर खुशाल माग, तो तुझा हक्क आहे. पण पॉकेट जितकी खोल तितकी कमाई जास्त, असा व्यवहार एकदा जमला की चांगल्या मुलीचाही प्रोब नकळत जरा जोरात दाबला जातो. दाबला की माप वाढतं, हे तुला मी सांगायला नको.

यात मला जो राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. नाशिक जिल्ह्यात खऱ्या 7 मिलिमीटरच्या पॉकेट कमी आहेत का? पेठ, सुरगाण्याहून सकाळच्या एसटीने येणाऱ्या बायका, वर्षानुवर्षं मिश्री लावून हिरड्या मागे सरकलेल्या. द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर निफाड, दिंडोरीहून येणारे शेतकरी, दात हलायला लागल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढलेले. मधुमेहाचे पेशंट, ज्यांची साखर हिरड्यांमुळे आवरत नाही आणि साखरेमुळे हिरड्या आवरत नाहीत. यांना समजावून सांगताना किती वेळ जातो ते तू रोज अनुभवत असशील. ‘दात साफ केले की ढिले होतात’ ही समजूत किती घट्ट आहे! कीटणाने धरून ठेवलेला दात कीटण गेल्यावर हलताना जाणवतो, म्हणून दोष साफ करणाऱ्याला. ती भीती घालवण्यासाठी तुझ्याकडे एकच गोष्ट आहे, तुझ्या शब्दावरचा विश्वास. गंगापूर रोडवर खोटा 5 खपवला की त्याची कुजबुज सिडकोपर्यंत यायला वेळ लागत नाही, आणि मग खऱ्या 7 वालाही म्हणतो, ‘यांचं नेहमीचंच.’

आणि तुझं काम हिरडीपाशी संपत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुड्या मात्र चेअरवरच्या माणसाच्या खिशातून अजून पडतात. गालात पांढरा चट्टा दिसला, दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम दिसली, तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत असं दिसलं, तर निदान करायचं काम तुझं नाही, पण दिसलं ते चार्टवर लिहायचं, सरांना त्याच वेळी बोलावून दाखवायचं आणि पेशंटला ‘डॉक्टरांनी हे बघितल्याशिवाय जाऊ नका’ असं सांगायचं. गर्दी असो, टिपा पुरोत न पुरोत. तोंडाच्या कॅन्सरच्या बाबतीत आरशातून तोंडाचा कोपरा न् कोपरा बघणारी पहिली व्यक्ती बऱ्याचदा तूच असतेस.

आता आईचं म्हणणं. सरांनी अडचणीत मदत केली, ते विसरायचं नाही. पैशाचा हिशेब पैशाने करायचा. उरलेली रक्कम एका कागदावर लिही, दर महिन्याला पगारातून किती जाणार ते लिही, दोघांच्या सह्या घे. एवढं झालं की निम्मी घुसमट कमी होईल. सध्या ते कर्ज आकड्यात नाही म्हणून ते सगळ्यावर पसरलंय. आणि मिठाला जागायचं म्हणजे काय? उद्या कुणाला त्या दवाखान्यातून कावीळ झाली आणि चौकशी लागली तर सगळ्यात आधी सरांची बेअब्रू होणार आहे. तेव्हा ‘तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस’ असं तेच विचारतील.

बोलायचं कसं ते सांगते. पेशंटसमोर नाही, रिसेप्शनवरच्या मुलीसमोर नाही, रात्री शटर ओढताना तर नाहीच, तेव्हा दोघंही दमलेले असता. सकाळी ओपीडीच्या आधी अर्धा तास माग. ‘तुम्ही चुकता’ इथून सुरुवात करू नकोस. टिपांपासून कर, कारण त्याला पैशाने उत्तर आहे: ‘सर, संध्याकाळी सरासरी इतके पेशंट असतात, टिपा इतक्या आहेत, इतक्या मागवल्या तर प्रश्न मिटेल. त्या येईपर्यंत मी सात वाजता एक फेरी लावते. पुसलेली टिप मी वापरणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस, आणि ते बोलून झाल्यावर स्पष्टीकरण देत बसू नकोस. मग चार्ट, मग इंजेक्शन, मग ती बाई. त्याच दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत लिहून पाठव: ‘सकाळी बोलल्याप्रमाणे…’ पेशंटच्या फायलींचे फोटो मात्र काढू नकोस, पुरावा म्हणूनही नाही. ती त्यांची खासगी माहिती आहे.

माझा अंदाज, सर टिपा मागवतील. बरेच डॉक्टर यात दुष्टपणाने पडत नाहीत. भाडं, हप्ते आणि समोर उघडलेला नवा चकचकीत दवाखाना यांच्या रेट्यात एकेक पायरी उतरत जातात आणि हटकणारं कुणी नसतं. पण माझा अंदाज चुकला, त्यांनी ‘जमत असेल तर कर, नाहीतर रस्ता मोकळा’ असं म्हटलं, तर रस्ता धर. नोंदणी असलेल्या हायजिनिस्ट फार नाहीत, दवाखाने कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत पसरलेत, पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, तिथेही विचारून बघ. नवीन ठिकाणी मुलाखतीलाच विचार, ‘टिपा किती आहेत?’ उत्तर देताना समोरचा कसा बघतो तेही बघ. आणि जुन्या ठिकाणी तेच चालू राहिलं तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तिथे तुझंही नाव नोंदलेलं आहे, आणि 3 चे 5 तूही लिहिलेस, हे तक्रारीत आधी तूच सांगायचं.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही, ती म्हणजे तू स्वतः. हिपॅटायटिस बी ची लस घेतलीस का? तीन डोस असतात, पहिल्यानंतर महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी तपासायची, 10 mIU/mL च्या वर असली पाहिजे. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे दवाखान्यातल्या लोकांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं हे मालकाचं काम आहे, तेव्हा यादीत तेही घाल. कधी टोचलंच तर बोट पिळत बसायचं नाही, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच सिव्हिलला जायचं. एचआयव्हीसाठीचं औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि 28 दिवस घ्यावं लागतं. रात्र असो, रविवार असो. सरांना फोन रिक्षात बसल्यावर कर.